बर्लिनचा गणिती घोडा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात तिने मानसशास्त्र हा विषय घेतला आहे. "सर, हा विषय घेतल्यापासून घरी येणारे-जाणारे सगळे एकच विचारतात," ती म्हणाली, "'आमच्या मनात आत्ता काय चालले आहे ते सांग पाहू!' आणि वर्गात पाहावे तर आकडे, कोष्टके आणि उंदीर! हे मानसशास्त्रज्ञ मुळात करतात तरी काय?"

प्रश्न रास्त होता. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीही काहीजण दोन-चार वर्षांत त्याच वर्गात जाऊन बसतील. म्हणून तिला त्या दिवशी जे सांगितले तेच थोडे विस्ताराने ह्या वार्षिकासाठी लिहीत आहे. मन वाचण्याची विद्या मानसशास्त्रज्ञाजवळ नसते हे आधीच सांगून टाकतो. त्याच्याजवळ एक सवय मात्र असते. जे डोळ्यांसमोर घडताना दिसते त्याचा आणखी कोणता अर्थ संभवतो, हे तो पुन्हा पुन्हा विचारतो, आणि दोन अर्थांतील कोणता खरा हे ठरविण्यासाठी परिस्थितीत मुद्दाम बदल करून पाहतो. ही सवय व्याख्येने समजावयाची नाही. तिच्यासाठी एका घोड्याची हकीकत ऐकावी लागेल.

पण घोड्याच्या आधी बैल. लहानपणी आजोळी दारात नंदीबैल येई. गुबुगुबु वाजू लागले की आम्ही मुले धावत सुटत असू. अंगावर रंगीबेरंगी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळा. "यंदा पाऊस पडंल का?" असे नंदीवाल्याने विचारले की बैल मान डोलावी, "पोरगा पास होईल का?" तरीही डोलावी. आजी सूपभर धान्य घाली आणि आमच्याकडे वळून हळूच म्हणे, "दोरी बघा रे, दोरी!" नंदीवाला दोरीला बारीकसा हिसका देत असे. ते त्यालाही ठाऊक होते, आजीलाही ठाऊक होते, आणि त्या खेळात कोणाचे काही बिघडत नव्हते.

आता अशी कल्पना करा की दोरी नाही, हिसका नाही, मालक सचोटीचा आहे, पैसा घेत नाही, आणि मालक समोर नसतानाही जनावर अचूक उत्तर देते. मग काय म्हणाल?

हाच पेच १९०४ साली जर्मनीतील बर्लिन शहराला पडला. तेथे विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त गणितशिक्षक राहत असत. जनावरांना बुद्धी असते, फक्त त्यांना कोणी शाळेत घालीत नाही, असे त्यांचे मत होते. हान्स नावाचा घोडा घेऊन आपल्या घराच्या फरसबंद अंगणात त्यांनी सुमारे चार वर्षे त्याला शिकविले. लाकडी खुंट्या मांडून मोजणी, मण्यांची पाटी, फळा, खडू - तुम्हां-आम्हांला पहिलीत जे मिळाले ते सर्व हान्सला मिळाले. चाबूक नाही, बरोबर उत्तराला गाजर किंवा पावाचा तुकडा. हान्स उजव्या पुढच्या खुराने जमिनीवर ठोके देऊन उत्तर सांगे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार तर झालेच, पण तो अपूर्णांक सोडवी, आजची तारीख सांगे, घड्याळ ओळखी, आणि अक्षरांच्या तक्त्यावरून ठोक्यांनी शब्दही जुळवी. "महिन्याची आठ तारीख मंगळवारी असेल तर पुढच्या शुक्रवारी कोणती तारीख?" अशा धर्तीचा प्रश्न आपल्या आठवीच्या वर्गात विचारला तर काही बोटे मोजावी लागतात. हान्स अकरा ठोके देऊन थांबे.

बर्लिनमध्ये गर्दी लोटली. वृत्तपत्रांत रकाने भरले. त्याच सप्टेंबरात अमेरिकेतील 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही ही हकीकत छापली. फॉन ओस्टेन प्रयोगाला तिकीट लावीत नसत, हे विशेष. परके लोक अंगणात येऊन प्रश्न विचारीत, मालक बाजूला जात, आणि तरीही घोडा बरोबर उत्तर देई. ह्या शेवटच्या गोष्टीने मोठमोठे शंकेखोर गप्प झाले.

शेवटी बर्लिन विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल स्टुम्फ यांच्यासह तेरा जणांच्या मंडळाने घोड्याची तपासणी केली. मंडळातील माणसे निवडक होती. सर्कशीचे मालक होते, कारण जनावरांना खुणा कशा शिकवितात हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? प्राणिसंग्रहालयाचे संचालक, पशुवैद्य, शरीरशास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी आणि शाळामास्तरही होते. १२ सप्टेंबर १९०४ रोजी त्यांनी निवेदन काढले. ह्यात लबाडी नाही. जाणूनबुजून केलेली कोणतीही खूण आढळत नाही. नकळत होणाऱ्या, आजवर माहीत असलेल्या प्रकारच्या खुणाही येथे दिसत नाहीत. हे प्रकरण निराळे आहे व त्याचा कसून शास्त्रीय तपास व्हावा.

आता हे निवेदन जरा सावकाश पाहू. मंडळाने काय म्हटले? लबाडी नाही. लोकांनी काय वाचले? घोडा विचार करतो. ह्या दोन वाक्यांमध्ये एक मोठी फट आहे आणि संशोधकाचे सारे आयुष्य अशा फटींत हात घालण्यात जाते. मालक प्रामाणिक असणे ही एक गोष्ट आणि त्याचे म्हणणे खरे असणे ही दुसरी. व्यवहारात आपण पहिलीवरून दुसरी गृहीत धरतो, आणि शेजाऱ्याकडून पीठ उसने घेण्यापुरते ते पुरेही होते. स्टुम्फना मात्र ते पुरे वाटले नाही. त्यांनी पुढील तपास आपले शिष्य ऑस्कर फुंग्स्ट यांच्याकडे सोपविला.

फुंग्स्ट यांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे, कारण त्यांच्यापाशी मंडळापेक्षा अधिक तीक्ष्ण डोळे नव्हते. त्यांनी प्रथम अंगणात एक मोठा तंबू उभारला; बघ्यांचा गलबला व इतर व्यत्यय बाहेर राहावा म्हणून. प्रश्न विचारणारे केवळ मालक नसावेत, वेगवेगळी माणसे असावीत, अशी व्यवस्था केली. आणि एकदा-दोनदा पाहून मत बनविण्याऐवजी प्रत्येक प्रकारचा प्रश्न अनेक वेळा विचारून बरोबर-चूक लिहून ठेवण्याचा क्रम ठेवला. मग त्यांनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला: उत्तर घोड्याच्या डोक्यात आहे की विचारणाऱ्याच्या? घोडा खरेच गणित करीत असेल तर विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असो वा नसो, फरक पडू नये. उत्तर विचारणाऱ्याकडून येत असेल तर फरक पडलाच पाहिजे.

आकडे लिहिलेले पुठ्ठे घेतले. काही वेळा विचारणारा आकडा पाहून मग तो घोड्याला दाखवी. काही वेळा न पाहताच घोड्यासमोर धरी. विचारणाऱ्याला आकडा माहीत असताना हान्सची शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. माहीत नसताना शेकडा ८.

बेरजेची परीक्षा तर फारच नामी होती. फॉन ओस्टेन यांनी घोड्याच्या कानात एक संख्या कुजबुजावयाची, मग फुंग्स्ट यांनी दुसरी. दोन्ही संख्या ऐकणारा जगात एकटा हान्सच! अशा ३१ प्रयोगांत ३ उत्तरे बरोबर आली. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असलेल्या तेवढ्याच, म्हणजे ३१ प्रयोगांत २९. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. घोडा तोच, अंगण तेच, गाजर तेच, प्रश्नही त्याच जातीचे. बदलले ते एवढेच की शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात एक आकडा होता किंवा नव्हता. महाविद्यालयात तुम्हांला 'नियंत्रित परिस्थिती' हा शब्द भेटेल. त्याचा अर्थ हाच. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट हलवावयाची आणि काय होते ते पाहावयाचे.

तर उत्तर माणसाकडून घोड्याकडे जात होते. पण कोणत्या वाटेने? पुन्हा तीच रीत. घोड्याच्या डोळ्यांना मोठ्या झापडा बांधल्या. विचारणारा दिसत असताना शेकडा ८९ उत्तरे बरोबर. दिसत नसताना शेकडा ६. विचारणारा दिसेनासा झाला की हान्स त्याला पाहण्यासाठी मान ओढी, धडपडे. संध्याकाळी अंधारू लागले म्हणजे त्याची उत्तरेही बिघडत. तेव्हा वाट डोळ्यांची होती. हान्स कानात सांगितलेले ऐकत नव्हता, फळ्याकडे पाहत नव्हता. तो माणसाकडे पाहत होता.

एवढे कळल्यावर फुंग्स्टही माणसाकडे पाहू लागले, आणि तेरा विद्वानांना न दिसलेली गोष्ट त्यांना दिसली. प्रश्न विचारून झाला की विचारणारा घोड्याचा खूर पाहण्यासाठी किंचित पुढे वाके. तेवढ्यावर हान्स ठोके सुरू करी. ठोके अपेक्षित संख्येपाशी आले की विचारणाऱ्याच्या मनावरचा ताण सुटे आणि त्याचे डोके अगदी सूक्ष्म वर उचलले जाई. फार तर मिलिमीटरभर, कित्येकदा त्याहूनही कमी. हान्स तेथेच थांबे. मग फुंग्स्ट यांनी हे ज्ञान उलटे वापरून पाहिले. प्रश्नच विचारला नाही, नुसते वाकले. घोडा ठोके देऊ लागला. डोके उचलले. घोडा थांबला. ह्या रीतीने हवी ती संख्या हान्सकडून काढता येऊ लागली.

येथे दुसरा कोणी असता तर पुस्तक लिहावयास बसला असता. फुंग्स्ट यांच्या मनात आणखी एक शंका उरली. ही लकब त्या अंगणात येणाऱ्या मोजक्या मंडळींचीच तर नसेल? म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत स्वतःच घोड्याची भूमिका घेतली. २५ माणसांना एकेक करून बोलाविले, एखादी संख्या मनात धरावयास सांगितली, आणि स्वतः हाताने टेबलावर ठोके देत समोरच्याकडे पाहू लागले. हेतू कोणालाच सांगितलेला नव्हता. २५ पैकी २३ जणांचे डोके योग्य ठोक्याला नकळत हलले, आणि फुंग्स्ट हान्सप्रमाणेच अचूक थांबले. डोक्याची हालचाल आणि श्वासोच्छ्वास नोंदविणारी उपकरणे लावूनही त्यांनी खातरी करून घेतली. सर्वांत बोलकी गोष्ट पुढे आहे. इतके सारे कळल्यानंतर फुंग्स्ट स्वतः हान्ससमोर उभे राहिले आणि डोके मुळीच हलवावयाचे नाही असे ठरविले, तरी ते हलतच राहिले.

(आपल्याकडे हौसेने प्लँचेट करणारी मंडळी उलट्या वाटीवर बोटे ठेवून बसतात आणि "मी ढकलली नाही" असे शपथेवर सांगतात. ती खोटे बोलत नाहीत. १८५३ साली लंडनमध्ये अशीच आपोआप फिरणारी टेबले निघाली होती, तेव्हा मायकेल फॅरेडे यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थाने जोडलेल्या पुठ्ठ्यांचे थर ठेवून हात आधी सरकतात, टेबल मागून, हे दाखवून दिले होते.)

१९०४ च्या डिसेंबरात निष्कर्ष जाहीर झाला आणि १९०७ मध्ये फुंग्स्ट यांचे पुस्तक निघाले. फॉन ओस्टेन यांना ते पटले नाही. आपल्या प्रामाणिकपणावरच डाग लागला असे त्यांना वाटले असावे. प्रत्यक्षात त्या पुस्तकाने त्यांचा प्रामाणिकपणा सिद्ध केला होता. १९०९ मध्ये ते मरण पावले. चार वर्षे एका जनावरासमोर फळा धरून बसलेल्या त्या वृद्ध शिक्षकाविषयी मला, शिक्षक म्हणूनच, वाईट वाटते. आणि हान्सचे काय? लोकांनी त्याला 'फसवा' ठरवून टाकले ते अन्यायाचे होते. गणित त्याला येत नव्हते हे खरे. पण अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावरची मिलिमीटरभर हालचाल क्षणात टिपण्याची जी विद्या त्याने कोणी न शिकविता आत्मसात केली, ती त्या मंडळातील एकाही सभासदाजवळ नव्हती.

कोणी म्हणेल, ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आजच्या विद्यार्थ्याला तिचे काय? तर माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वर्गातले उंदीर येथेच येतात. १९६३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मानसशास्त्र शिकणाऱ्या बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच पांढरे उंदीर दिले. सहा जणांना सांगितले, तुमचे उंदीर वाट शोधण्यात हुशार वंशातले आहेत. उरलेल्या सहांना सांगितले, तुमचे मंद वंशातले. वस्तुतः सारे उंदीर सारखेच होते. चिठ्ठ्या तेवढ्या निराळ्या. पाच दिवसांच्या प्रयोगात 'हुशार' उंदरांनी खरोखरच अधिक चांगली कामगिरी दाखविली. 'मंद' म्हटलेले उंदीर शेकडा २९ वेळा जागचे हललेच नाहीत; 'हुशार' शेकडा ११ वेळा. 'हुशार' उंदीर मिळालेल्या विद्यार्थ्यांनी आपण उंदरांना अधिक वेळा आणि अधिक हळुवारपणे हाताळले असे सांगितले. तेव्हा ह्या खेपेस विद्यार्थ्यांना आपण उंदरांचा अभ्यास करतो आहोत असे वाटत होते आणि प्रत्यक्षात अभ्यास त्यांचा चालला होता.

उंदरांपर्यंत ठीक आहे. पण हीच चूक माणसांच्या बाबतीत होते तेव्हा ती हसण्यावारी नेता येत नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत स्वमग्न आणि बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी एक पद्धत झपाट्याने पसरली. मदतनीस मुलाचा हात किंवा मनगट धरून आधार देई आणि मूल अक्षरांच्या पाटीवर एकेक अक्षर दाबी. वर्षानुवर्षे मुके असलेले मूल एकदम सुंदर वाक्ये लिहू लागले! आईबापांना "माझे तुमच्यावर प्रेम आहे" असे पहिल्यांदा वाचावयास मिळाले. त्या आनंदावर शंका घेण्याचे धैर्य कोणाला होणार? परंतु पुढे काही मुलांच्या बोटांतून आपल्याच आईबापांवर भयंकर आरोप उमटू लागले, घरे मोडू लागली, माणसे न्यायालयात उभी राहिली. तेव्हा कोणाला तरी विचारावेच लागले: लिहितो कोण?

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बारा स्वमग्न व्यक्ती आणि त्यांचे मदतनीस यांना चित्रे दाखविण्यात आली. मधे आडोसा, एकाला दिसते ते दुसऱ्याला दिसू नये. कधी दोघांना एकच चित्र, कधी वेगवेगळे. फुंग्स्ट यांचे पुठ्ठेच हे! एकच चित्र असे तेव्हा उत्तर बरोबर येऊ शके. चित्रे वेगळी असत तेव्हा पाटीवर येणारे नाव मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचे असे. मदतनिसाने न पाहिलेल्या चित्राचे नाव एकदाही बरोबर आले नाही. हे मदतनीस लबाड नव्हते. त्यांतील कित्येकांना हा निकाल पाहून रडू कोसळले असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. १९९४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने ह्या पद्धतीची परिणामकारकता सिद्ध झालेली नाही असा ठराव केला. त्या मुलांना मन नाही असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. त्यांच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातले जात होते आणि त्यामुळे त्यांचे स्वतःचे म्हणणे ऐकले जात नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

असा हा शंकेखोर व्यवसाय स्वतःवर तरी शंका घेतो का? घेतो, जरा उशिराने घेतली हे कबूल केले पाहिजे. २०१५ साली ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने दोनशे सत्तर संशोधकांनी मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध झालेले प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ प्रयोगांपैकी शेकडा ९७ मध्ये लक्षणीय परिणाम आढळल्याचे म्हटले होते. पुनर्प्रयोगांत तो शेकडा ३६ मध्ये आढळला. तेव्हापासून प्रयोग करण्याआधीच आपली अपेक्षा व मोजण्याची रीत लिहून नोंदवून ठेवण्याची प्रथा वाढली आहे, म्हणजे निकाल हाती आल्यावर "मी हेच म्हणत होतो" असे म्हणण्याची सोय उरत नाही. ज्योतिष्यांनाही ही प्रथा लावावी असे अधूनमधून मनात येते. असो.

हे सारे ऐकून माझी विद्यार्थिनी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "सर, मग आमचे निबंध तपासताना...?" वाक्य तिने पुरे केले नाही. हुशार मुलगी आहे. पण 'हुशार' हा शब्द आता मलाच जपून वापरावयास हवा.

बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव लिहू देत नाहीत, केवळ क्रमांक असतो. त्याचे कारण तुम्ही आता ओळखाल. वर्गातल्या वह्यांवर मात्र नाव असते. वह्या तपासताना वरचे नाव वाचले की पुढचा निबंध कसा असणार हे मला आधीच कळल्यासारखे वाटते. एखाद्याच्या वहीतले अडखळते वाक्य मी "घाईत लिहिले असेल" म्हणून सोडून देतो, दुसऱ्याच्या वहीतले तसलेच वाक्य लाल शाईने अधोरेखित करतो. तिच्या त्या अर्धवट वाक्यानंतर मी सहामाहीचे निबंध नावांवर कागदाची पट्टी चिकटवून पुन्हा वाचले. दोन वह्या कोणाच्या हे मी पैजेवर सांगितले असते; पट्टी काढली तेव्हा दोन्ही ठिकाणी माझा तर्क चुकलेला निघाला. त्यांतली एक वही शेवटच्या बाकावरच्या मुलाची होती, आणि पहिल्या वाचनात मी तिला फार कमी गुण दिले होते. ते मी त्याच्यासमोर दुरुस्त केले.

आता दर खेपेस पट्टी चिकटवूनच वह्या माझ्याकडे येतात. नववीतली मुले विचारतात, "सर, हे कशाला?" मी त्यांना सांगितले आहे की वार्षिक निघाले की घोड्याचा लेख वाचा.